भाजीत कूट आहे का हो?

"शेंगदाणे नाही खात? काऊन वं?"

हा प्रश्न मला बालवाडीपासून आजपर्यंत किती वेळा विचारला गेला असेल, त्याचा हिशोब ठेवला असता तर एव्हाना एक वही भरली असती. मी म्हणते, "ॲलर्जी आहे." त्यावर पुढचा प्रश्नही ठरलेला, "म्हणजे आवडत नाही?" आता आवडायला आधी खावं तर लागेल ना! आणि तिसरं वाक्य तर आमच्या समस्त मावश्या-आत्यांचं आवडतं आहे : "थोडंसं खाल्ल्यानं काय होते वं?"

मित्रांनो, थोडंसं खाल्ल्यानं काय होते, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच!

वऱ्हाडात जन्मायचं आणि शेंगदाण्याची ॲलर्जी घेऊन जन्मायचं म्हणजे कोकणात जन्मून मासळीशी वैर धरण्यासारखं आहे. आपल्याकडे सकाळच्या पोह्यांत शेंगदाणे, उपवासाच्या खिचडीत कूट, भरल्या वांग्यात कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, ठेच्यात शेंगदाणे, चिवड्यात शेंगदाणे आणि पाहुणे आले की पुढ्यात गूळ-शेंगदाणे. त्यात मी अकोल्याची! ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आमच्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर भुईमुगाचा एक वाण काढला, टॅग-24. टॅग म्हणजे 'ट्रॉम्बे अकोला ग्राउंडनट'. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून तो शेतकऱ्यांच्या हातात आहे. म्हणजे जी वस्तू माझ्या जिवावर उठते, तिच्या नावातच माझं गाव आहे. नशीब नशीब म्हणतात ते हेच!

मी तीन वर्षांची असताना संक्रांतीला शेजारच्या काकूंनी तिळगुळाची वडी हातावर ठेवली. वडीत दाण्याचं कूट होतं. पाच-दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या, उलट्या सुरू झाल्या. बाबांनी स्कूटरवरून दवाखाना गाठला. पुढे तपासण्या झाल्या आणि निदान पक्कं झालं. आपल्या शरीरातली संरक्षण यंत्रणा शेंगदाण्यातल्या प्रथिनाला शत्रू समजते आणि सगळी फौज एकदम बाहेर काढते. साध्या भाषेत सांगायचं तर सेन्सरचं कॅलिब्रेशन चुकलंय! गंमत म्हणजे शेंगदाणा हा काजू-बदामाच्या जातीचा नाहीच, तो तूर-हरभऱ्याच्या भावकीतला. तरी तुरीचं वरण मी वाट्याच्या वाट्या पिते, बेसनाचं पिठलं ओरपते. भांडण फक्त या एका भावाशी.

लहानपणी सगळं सोपं होतं, कारण सगळं आई सांभाळायची. आमच्यासाठी 'पार्क' म्हणजे शेगावचं आनंद सागर. तिथल्या झुकझुक गाडीत बसायला मिळावं म्हणून आम्ही आठवडाभर शहाण्यासारखे वागायचो. बाकी सगळे बाहेर येऊन गरम कचोरीवर तुटून पडायचे आणि मी आईच्या डब्यातली पोळी-भाजी खायची. कचोरी कोणत्या तेलात तळली, कढईत आधी काय तळलं, हे आईला माहीत नसायचं. जे माहीत नाही ते खायचं नाही, इतका साधा नियम होता. तेव्हा मला त्याचा फार राग यायचा.

मग अमरावतीला इंजिनिअरिंगला आले, होस्टेलला राहिले आणि आईचा डबा सुटला. मेसच्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या गालाला हात लावून म्हणाल्या, "माय, कुटाबिगर भाजी लागन तरी कशी?" पण दुसऱ्या दिवसापासून माझी भाजी वेगळ्या पातेल्यात निघायला लागली. वेगळं पातेलं, वेगळा डाव. आजपर्यंत एकदाही चूक झाली नाही. त्या मावशींचा सत्कार गॅदरिंगला का होत नाही, हा प्रश्न मी इथे नोंदवून ठेवते.

मावशींना सांगितलं, पण मैत्रिणींना मात्र सांगितलं नाही. खरं सांगू? लाज वाटायची. नवीन ग्रुप, नवीन ओळखी. "मला हे चालत नाही, ते चालत नाही" म्हणणारी नखरेल पोट्टी कोणाला आवडते? कँटीनमध्ये मी "भूक नाही" म्हणून चहा घ्यायची. रूममेट दर्यापूरची. तिला सगळे 'दर्यापूरवाली' म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते. तिलासुद्धा मी एवढंच सांगितलं होतं की, मला शेंगदाणे 'सूट' होत नाहीत.

आणि मग सेकंड इयरचा पावसाळा आला. चिखलदऱ्याची ट्रिप! धुकं, पाऊस, भीमकुंड, ओले कपडे आणि कडकडून लागलेली भूक. दुपारी एका हॉटेलात शिरलो. मी वाढणाऱ्या पोराला हळूच, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "भाजीत शेंगदाणे आहेत का?"

तो म्हणाला, "नाई ताई, शेंगदाने नाई टाकत आमी."

तो खोटं बोलला नव्हता. भाजीत शेंगदाणे नव्हतेच. रश्शाला दाटपणा यावा म्हणून कूट होतं! त्याच्या लेखी शेंगदाणा वेगळा आणि कूट वेगळं. हळद घातली म्हणून कोणी 'भाजीत हळकुंड आहे' म्हणतं का? पोराला दोष देऊन उपयोग नव्हता. आपण प्रोग्रॅमिंगच्या लॅबमध्ये शिकतो तेच झालं, इनपुट चुकलं की आउटपुट चुकणारच.

चौथ्या घासाला जिभेला खाज सुटली. मला लगेच कळलं. आणि कळल्यावर मी काय केलं? "आलेच" म्हणून उठले आणि बाथरूममध्ये जाऊन बसले. सगळ्यांसमोर तमाशा नको म्हणून! आज हे लिहितानाही हात थांबतो. घसा आवळत होता, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि मी नळ सोडून ठेवला होता, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. पर्समध्ये ॲलर्जीची गोळी होती, ती घेतली आणि आता बरं वाटेल म्हणून वाट बघत बसले.

दर्यापूरवालीने दार ठोकलं. मी उघडलं नाही, तेव्हा तिने धक्का मारून कडीच तोडली. माझा चेहरा बघून तिने एक किंकाळी फोडली आणि नंतर मात्र एक शब्द बोलली नाही. चार जणांनी उचलून गाडीत टाकलं. घाटातली वळणं, धुकं, समोरचं काही दिसत नाही. परतवाड्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा माझं बीपी खाली गेलं होतं. डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत श्वास मोकळा झाला. तेव्हा डॉक्टर जे बोलले ते मी पाठ केलंय : गोळीने खाज कमी होते, बंद होत चाललेला घसा उघडत नाही. तिथे ॲड्रेनॅलिनच लागतं, आणि लवकर लागतं. रुग्णाला उभं करायचं नाही, चालवायचं नाही, आडवं ठेवायचं. श्वास लागत असेल तर टेकून बसवायचं. आणि बरं वाटलं म्हणून लगेच घरी जायचं नाही, कारण काही तासांनी पुन्हा उलटू शकतं. एकट्याने बाथरूममध्ये जाऊन बसणं ही तर सर्वांत घातक गोष्ट.

रात्री वॉर्डात दर्यापूरवाली उशाशी बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तू सांगतलं काऊन नाई वं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे सगळं घरी कळल्यावर काय झालं असेल, ते सुज्ञ वाचकांनी ओळखलंच असेल! थर्ड इयरला आय.व्ही. म्हणजे इंडस्ट्रियल व्हिजिट ठरली. पिंपरी-चिंचवडला कंपनी, लोणावळ्याला मुक्काम आणि शेवटच्या दिवशी खोपोलीचं इमॅजिका. (आय.व्ही.मधली 'इंडस्ट्री' किती आणि 'व्हिजिट' किती हे सरांनाही माहीत असतं!) आई-बाबांच्या पिढीला एस्सेलवर्ल्ड होतं, आमच्या पिढीला 2013 साली सुरू झालेलं इमॅजिका. पण बाबांनी एका वाक्यात विषय संपवला, "जीव मोठा का सहल मोठी?" आई तर "काई नाई जात तू कुठी" म्हणून स्वयंपाकघरात निघून गेली.

मी रडले नाही, भांडले नाही. इंजिनिअरिंगला आहोत तर त्याचा उपयोग करू म्हटलं. मशीन कुठे-कुठे बिघडू शकतं याची यादी काढून प्रत्येकापुढे उपाय लिहायचा, हे आपल्याला शिकवतात. मी तशीच यादी केली. ट्रेनमधलं जेवण, लोणावळ्याचं हॉटेल, पार्कमधलं जेवण आणि परतीची रात्र.

यादी करता करता बरंच वाचून काढलं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे लेबलिंगचे नियम 2020 साली आले. पाकिटावर ॲलर्जीचे घटक वेगळे लिहिणं त्यात बंधनकारक केलं आहे. त्यात गहू वगैरे ग्लुटेनची धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट येतात. ज्या हॉटेलांच्या दहा किंवा जास्त शाखा आहेत किंवा ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे, त्यांनी 1 जुलै 2022 पासून मेनूवरही ही माहिती द्यायची आहे. चिखलदऱ्याच्या वळणावरचं हॉटेल यात बसत नाही, हे सांगायला नकोच. तेलाचंही कळलं. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण लाकडी घाण्याच्या तेलात उरतं. म्हणजे जे तेल 'शुद्ध' म्हणून कौतुकाने वापरतात, तेच माझ्यासाठी वाईट!

एक बातमी वाचून मात्र मी दोन दिवस गप्प होते. 2023 साली अमेरिकेत, फ्लोरिडात डिस्नेच्या आवारातल्या एका रेस्टॉरंटमध्ये जेवल्यानंतर एक डॉक्टर महिला गेली. तिला सुकामेव्याची आणि दुधाची ॲलर्जी होती. वाढणाऱ्याला पुन्हा पुन्हा विचारून, खात्री करूनच मागवलं होतं, असं तिच्या नवऱ्याने कोर्टातल्या दाव्यात म्हटलं आहे. जिथे ॲलर्जीवाल्यांची सोय चांगली असा लौकिक, तिथली ही गोष्ट. स्वतः डॉक्टर, जवळ इंजेक्शन, तरीही. म्हणजे 'विचारलं' एवढ्याने भागत नाही. कोणाला विचारलं, काय विचारलं आणि उत्तर देणाऱ्याला ते खरंच माहीत होतं का, हे बघावं लागतं. आणि हे सगळं करूनही इंजेक्शन आणि सोबतचं माणूस लागतंच.

परदेशात पेनसारखं तयार इंजेक्शन मिळतं, आपल्याकडे ते सहजासहजी मिळत नाही. म्हणून अमरावतीच्या आमच्या डॉक्टरांनी ॲम्प्यूल आणि सिरिंज लिहून दिली आणि मला व दर्यापूरवालीला समोर बसवून शिकवलं, कुठे टोचायचं, किती भरायचं, टोचल्यावर 108 ला फोन करून दवाखान्यात न्यायचंच. घरी येऊन तिने आई-बाबांसमोर ते सगळं घडाघडा म्हणून दाखवलं, व्हायव्हा असल्यासारखं. बाबा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जा. पण हिच्या सोबतच राहाजो बेटा."

निघायच्या आदल्या दिवशी मी वर्गात उभी राहिले. पाय थरथरत होते, सेमिनारलाही एवढे थरथरले नव्हते. म्हटलं, "मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. चेष्टेची नाही, जीव जाईल अशी. इंजेक्शन माझ्या निळ्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात आहे. मी एकटी कुठे निघाले तर मागे या." वाटलं, आता हसतील. कोणी हसलं नाही. आमचा मूर्तिजापूरचा सी.आर. फक्त म्हणाला, "निळी सॅक, पुढचा कप्पा. लिहून घ्या बे पोट्टेहो."

इमॅजिका तर झकासच आहे. त्याचं वर्णन बाकीचे करतीलच. मला आठवतो तो राइडवरचा माणूस. आम्ही बसल्यावर तो प्रत्येकाचा बार खाली ओढून बघायचा, मग परत मागे येऊन पुन्हा ओढायचा आणि मगच अंगठा दाखवायचा. राइडच्या दारात पाटीही होती, किती उंची हवी, कोणी बसू नये. वरून उलटं लटकताना सगळे बोंबलत होते आणि मला मात्र अगदी सुरक्षित वाटत होतं. इथे माझी काळजी दुसरं कोणीतरी, दोनदा तपासून, घेत होतं. माझी खरी राइड तर दुपारी दीड वाजता होती. जेवणाची!

रेस्टॉरंटमध्ये गर्दी ओसरल्यावर गेलो. ही युक्ती आईची, घाईत कोणी धड उत्तर देत नाही. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, "दादा, मला स्वयंपाक करणाऱ्यांशीच बोलायचंय." तो आत गेला आणि एक शेफ बाहेर आले. मी खिशातलं कार्ड दिलं. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लिहिलेलं. आणि या वेळी नीट, मोठ्या आवाजात, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "शेंगदाणे, कूट, शेंगदाणा तेल, चटणी, यातलं काही कशात आहे का? तळायची कढई एकच आहे का? डाव कोणकोणत्या भाजीत फिरतो?"

त्यांनी कार्ड दोनदा वाचलं. आत गेले, पाच मिनिटांनी परत आले. म्हणाले, "मॅडम, ग्रेव्हीचं मी सांगू शकत नाही. मसाला आधीच तयार होऊन येतो, त्यात काय आहे ते पाकीट बघितल्याशिवाय माहीत नाही. तळलेलंही नका घेऊ. साधा भात, साधं वरण आणि सीलबंद दही देतो. वरण स्वच्छ पातेल्यात मी स्वतः करतो. चालेल?"

"माहीत नाही"! मित्रांनो, हे दोन शब्द मला आयुष्यात पहिल्यांदाच इतके गोड वाटले. चिखलदऱ्याला मिळालं होतं ते झटकन, हसतमुख 'नाई ताई'. इथे मिळालं ते विचार करून दिलेलं 'माहीत नाही'. पहिल्याने मी दवाखान्यात गेले, दुसऱ्याने माझं पोट भरलं. आपल्याकडे पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं. "चालते, खा बिनधास्त" म्हणायची आपल्याला सवय आहे, आणि ते प्रेमापोटीच असतं. पण ज्याला खात्री नाही त्याने प्रेमानेच सांगावं ना, "मले मायीत नाई, तू नको खाऊ." आणि ज्याला त्रास आहे त्याने माझ्यासारखं पुटपुटू नये, खणखणीत विचारावं.

बाकी सगळे पिझ्झा आणि बर्गर हाणत होते. मी वरण-भात-दही खाल्लं. म्हटलं तर पथ्याचंच ताट! पण पार्कमध्ये, ग्रुपसोबत, एकाच टेबलावर, डब्याशिवाय जेवलेलं ते माझं पहिलं जेवण. दर्यापूरवालीने सॅक मांडीवर घेऊन बर्गर खाल्ला. पुढचा अर्धा तास ती दर पाच मिनिटांनी माझ्या तोंडाकडे बघत होती. काही झालं नाही. काही न झाल्याचा एवढा आनंद असतो, हे मला तेव्हा कळलं.

आता शेवटची गोष्ट. आदल्या दिवशी लोणावळ्यात चिक्कीची दुकानं लागली होती. आय.व्ही.ला जाऊन चिक्की न आणणारा विद्यार्थी अजून जन्माला यायचा आहे! आमच्या बॅचने मिळून किती किलो घेतली देव जाणे. मी बसमध्येच बसून होते. सगळे परत आले तर एकाच्याही हातात पुडा नाही. सी.आर.ने दाराशी उभं राहून सगळे पुडे एका पोत्यात भरले आणि पोतं डिकीत टाकलं. मी म्हटलं, "अरे, नुसत्या वासाने काही होत नाही." तो म्हणाला, "वासानं नाई होत, पण चुरा सांडते ना! तेच हात सीटले, तेच हात तुह्या बाटलीले. कोणी फोडला पुडा तर याद राखा."

परतीला कल्याणहून मुंबई-अमरावती एक्सप्रेस पकडली. रात्रभर पत्ते, अंताक्षरी, चहा. ते पोतं वरच्या बर्थवर गाठ मारून पडलं होतं. भूक लागली तेव्हा सगळ्यांनी बिस्किटं खाल्ली, पाकिटावरचं बारीक अक्षरातलं मोठ्याने वाचून!

पहाटे अकोला आलं. मी एकटीच उतरणार होते, बाकीचे पुढे बडनेरा-अमरावतीला. प्लॅटफॉर्मवर बाबा उभे होते. त्यांनी आधी माझा चेहरा नीट निरखून बघितला आणि मग बॅग घेतली. गाडी हलली. खिडकीच्या गजांना सगळी तोंडं चिकटली होती आणि आतून सी.आर. ओरडला,

"गेली का वं तू? आता फोडू का पोतं?"

"फोडा!" मी ओरडले.

बाबांनी विचारलं, "कायचं पोतं?"

घरी पोचेपर्यंत मी त्यांना तेच सांगत होते.